मला ऐकू आलं नाही, हेही पंचनाम्यात लिहिलं गेलं

सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला कधी ना कधी पंच म्हणून जावं लागतं. मी पाटबंधारे खात्यात लिपिक. २०१९ च्या अखेरीस आमच्या साहेबांच्या नावे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं एक गोपनीय पत्र आलं. दोन कर्मचारी पंच म्हणून पाठवावेत, एवढंच त्यात होतं. कुणाविरुद्ध, कशासाठी, किती वेळ, यातलं काहीही पत्रात नसतं आणि ते बरोबरच आहे. साहेबांनी माझं आणि आमच्या एका आरेखकाचं नाव लिहून दिलं.

कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जाताना सांगितलं, "घाबरू नको. तिथं सगळं लिहून तयार असतं. आपण फक्त सह्या करायच्या." हे वाक्य मी मुद्दाम नोंदवतोय, कारण पोलिसांच्या कागदांबद्दल आपल्यापैकी बहुतेकांचा हाच समज असतो. पंचनामा पोलीस ठाण्यात बसून लिहिला जातो, पंच नेहमीचेच असतात, जबाब एकाच साच्यातून निघतात. हा समज हवेतून आलेला नाही. न्यायालयांनी अशा साच्यातल्या पंचनाम्यांवर आणि ठरलेल्या पंचांवर अनेकदा ताशेरे ओढले आहेत. मीही तोच समज घेऊन गेलो होतो.

विभागाच्या कार्यालयात पोलीस उपअधीक्षक मॅडमनी आम्हाला बसवलं आणि आधी विचारलं, पंच व्हायला तुमची तयारी आहे का? तक्रारदार तुमच्या ओळखीचा आहे का? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी काही नातं, काही व्यवहार, काही वैर? आम्ही नाही म्हटल्यावर तक्रारदाराला आत बोलावलं. पंचविशीतला मुलगा, शेतकरी कुटुंबातला. त्याची लेखी तक्रार आम्हाला वाचायला दिली आणि त्यातला मजकूर त्याच्या तोंडूनही ऐकवला.

तक्रार अशी होती. बांधावरून दोन घरांत मारामारी झाली आणि मुलाच्या मोठ्या भावाचं नाव गुन्ह्यात आलं. तपास एका हवालदाराकडे होता. हवालदार म्हणत होता की भावाला अटक करून लॉकअपमध्ये टाकावं लागेल. तसं नको असेल आणि नुसत्या नोटिशीवर भागवायचं असेल तर पैसे द्या.

मला तेव्हा कायद्यातलं फारसं कळत नव्हतं. मॅडमनी समजावलं ते ऐकून जास्त वाईट वाटलं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायचीच नसते. अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांनी लिहून ठेवायची असतात. ती नसतील तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ ची नोटीस देऊन माणसाला हजर राहायला सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे अगदी स्पष्ट बजावलं आहे. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ३५ मध्ये आहे. म्हणजे त्या भावाला जी नोटीस कायद्याने फुकट मिळायला हवी होती, तीच हवालदार त्याला विकत देत होता. पोलिसांच्या लाचखोरीचा मोठा भाग असाच असतो. बेकायदा काम करून देण्यापेक्षा, कायद्याने जे आपलंच आहे ते अडवून ठेवण्याचे पैसे घेतले जातात. ज्याला कलम माहीत नाही त्याला ते उपकार वाटतात.

मुलाला आणखी एक भीती होती. पैसे देणारा म्हणून आपल्यावरच गुन्हा होईल का? २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात लाच देणंही गुन्हा आहे, हे त्याला गावात कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण त्याच कलम ८ मध्ये सोय आहे. ज्याला भाग पाडलं गेलं त्याने सात दिवसांच्या आत कळवलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. आणि आधीच यंत्रणेला कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही संरक्षण आहे. मॅडमनी कायद्याचं पुस्तक उघडून ते त्याच्यासमोर वाचून दाखवलं. त्यांनी नुसतं "काळजी करू नकोस" म्हणून भागवलं नाही, हे मला फार आवडलं.

सापळा लगेच लावत नाहीत. आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराच्या तोंडी शब्दावर कुणाच्याही नोकरीवर हात टाकायचा नाही, म्हणून पंचाला सोबत पाठवून मागणी खरंच होते का ते पाहायचं आणि ऐकायचं. तक्रारदाराच्या खिशात छोटं डिजिटल रेकॉर्डर ठेवलं. त्यातलं मेमरी कार्ड कोरं आहे हे आम्हाला आधी लावून दाखवलं. मी पंच क्रमांक एक, त्यामुळे मी मुलाचा नातेवाईक म्हणून सोबत जायचं असं ठरलं.

पोलीस ठाण्याबाहेर रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी होती. हवालदार तिथेच भेटला. पन्नाशीकडे झुकलेला, थकलेला माणूस. मनातल्या मनात मी जो खलनायक रंगवला होता, तसा तो अजिबात नव्हता. त्याने मुलाच्या वडिलांची तब्येत विचारली, मला "पाव्हणे, चहा घ्या" म्हणाला. मग आवाज खाली आणून मुलाशी बोलू लागला. नेमक्या त्याच वेळी उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह खडखडत गेला. मला भावाचं नाव ऐकू आलं, "अटक" ऐकू आलं, "वरपर्यंत द्यावं लागतं" असं काहीतरी ऐकू आलं. रक्कम ऐकू आली नाही. हवालदाराने हाताची पाच बोटं दोनदा उघडून मिटली, ते मात्र मी स्पष्ट पाहिलं.

परत आल्यावर पडताळणी पंचनामा लिहायला घेतला. संगणकावर टंकणारा कर्मचारी अनुभवी होता. त्याने मला विचारलं, "दहा हजार म्हणाला ना?" मुलगा लगेच म्हणाला, "हो, दहा हजारच." आणि खरं सांगतो, माझ्या तोंडावरही "हो" आलंच होतं. पाच आणि पाच दहा होतात. दुसरा काय अर्थ असणार?

मॅडमनी त्याला थांबवलं. मला विचारलं, "तुम्ही काय ऐकलंत? तेवढंच सांगा." मी म्हटलं, रक्कम ऐकू आली नाही, बोटं पाहिली. त्यांनी तसंच लिहायला सांगितलं. "ट्रॅक्टरच्या आवाजामुळे रकमेचा उल्लेख मला ऐकू आला नाही. इसमाने उजव्या हाताची पाच बोटे दोन वेळा उघडून मिटल्याचे मी पाहिले." मग रेकॉर्डिंग लावलं. त्यातही त्या जागी नुसती खडखड होती. लिप्यंतरात तिथे "अस्पष्ट" असं लिहिलं.

टंकणारा कर्मचारी वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याला कुणाला खोट्यात अडकवायचं नव्हतं. हवालदार लाच मागतोय याची त्याला खात्री होती आणि ती खात्री खरीच होती. खोटा कागद बहुतेक वेळा असाच तयार होतो, असं मला तेव्हापासून वाटतं. दुष्टपणाने तयार होणारे कागद थोडे असतील. "माणूस तर दोषीच आहे, एवढी एक फट बुजवू" या भावनेने तयार होणारे खूप. तपास करणाऱ्यासमोर ही फट रोज येते. जप्तीच्या वेळी पंच पाच मिनिटं उशिरा आला, घटनेची वेळ साक्षीदाराला आठवेना, हत्यार झुडपात मिळालं पण झुडूप नक्की कुणाच्या शेतात ते कळेना. प्रत्येक वेळी एक छोटा शब्द टाकला की कागद गुळगुळीत होतो. लाच न घेणारा अधिकारीही इथे घसरू शकतो, आणि आपण घसरलो असं त्याला वाटतसुद्धा नाही. पोलिसाची सचोटी मोजताना आपण फक्त त्याचा खिसा तपासतो. त्याची स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातली रोजची नोंदवही, आणि त्याचे पंचनामे तपासत नाही.

त्या दिवशी मॅडमनी ठरवलं की पडताळणी पुरेशी नाही, सापळा आज लागणार नाही. मुलगा हवालदिल झाला. भावाला उद्या उचललं तर? तो जवळजवळ ओरडलाच, "मॅडम, तो मागतोय हे तुम्हाला माहीत आहे ना?" मॅडम म्हणाल्या, "मला माहीत आहे. कोर्टाला माहीत नाही." मग त्यांनी त्याच्या भावाला वकिलाकडे पाठवून अटकपूर्व जामिनाची माहिती घ्यायला सांगितली. माझ्या मनात आलं, की आज सोडलेला माणूस उद्या सावध झाला तर सगळंच गेलं. तो धोका होताच. तो पत्करूनच त्यांनी ते ठरवलं होतं.

दुसरी पडताळणी काही दिवसांनी झाली. या वेळी बोलणं एका बंद दुकानाच्या ओट्यावर झालं. हवालदार पंधरा हजार म्हणाला, मुलाने गयावया केली, बारावर ठरलं. मी हातभर अंतरावर होतो. प्रत्येक शब्द ऐकला आणि रेकॉर्डिंगमध्येही तो स्वच्छ आला.

सापळ्याची तयारी हा तर पाहण्यासारखा प्रकार असतो. मुलाने आणलेल्या पाचशेच्या चोवीस नोटांचे क्रमांक एकेक करून आम्हा दोघा पंचांकडून वाचून घेतले आणि लिहिले. मग एका कर्मचाऱ्याने अँथ्रासीन पावडर दाखवली. साध्या उजेडात ती नोटेवर दिसत नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली की निळसर चमकते. आधी आम्हाला साधी नोट दिव्याखाली दाखवली, नंतर पावडर लावलेली. मुलाची अंगझडती घेऊन त्याचा खिसा रिकामा केला आणि त्यात नोटा ठेवल्या. त्याला बजावलं, की हवालदाराने मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही आणि स्वतःहून पैसे पुढे करायचे नाहीत. ज्याने पावडर लावली तो कर्मचारी कार्यालयातच थांबला, आमच्यासोबत आला नाही. उरलेल्या सगळ्यांचे हात दिव्याखाली तपासले, मॅडमचेही. कुणाच्या हाताची पावडर चुकून हवालदाराला लागली, असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. इशारा ठरला: मुलाने डोक्यावरची टोपी काढायची.

सापळा झाला. त्याचं वर्णन फार करत नाही, कारण तो दोन-तीन मिनिटांतच संपला. हवालदार म्हणाला, "आणलेत का?" मुलगा म्हणाला, "बारा आहेत." हवालदाराने नोटा घेतल्या, न मोजता पँटच्या खिशात घातल्या, मुलाने टोपी काढली, आणि चारी बाजूंनी माणसं आली. त्याचे दोन्ही मनगट धरले गेले. दिव्याखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं आणि खिशाचं अस्तर निळसर चमकलं. नोटांचे क्रमांक पुन्हा आमच्याकडून जुळवून घेतले.

मला जास्त लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. हवालदाराच्या दुसऱ्या खिशात आणखी काही हजार रुपये निघाले. त्या नोटा दिव्याखाली चमकल्या नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "हे पण वसुलीचेच असतील." मॅडमनी ते पैसे वेगळे मोजले, त्याला विचारलं, त्याने पगारातले आहेत सांगितलं, तसंच लिहिलं. सापळ्याच्या रकमेशी त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. मग त्याला विचारलं, हे बारा हजार कशाचे? तो म्हणाला, मी याच्या वडिलांना उसने दिले होते, ते परत केले. अशा वेळी हेच उत्तर बऱ्याचदा येतं, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी कुणी हसलं नाही, कुणी "खोटं बोलतोस" म्हणून दरडावलं नाही. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पंचनाम्यात उतरवलं गेलं.

त्याला पाणी दिलं. कुणीही त्याच्या अंगाला हात लावला नाही, मोबाइलवर फोटो काढू दिला नाही. अटकेची कारणं सांगितली, घरी फोन करून बायकोला कळवायला लावलं. १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पाळायच्या ज्या गोष्टी घालून दिल्या, त्या तपासी अधिकाऱ्यासमोर एका छापील यादीत होत्या आणि तो एकेका ओळीपुढे खूण करत होता. हवालदार स्वतः पंचवीस-तीस वर्षं पोलिसात. ती यादी त्याने किती जणांच्या बाबतीत पाळली होती, कोण जाणे. त्याच्या बाबतीत ती पाळली गेली आणि तसंच व्हायला हवं होतं.

गुन्हा दाखल करायला आम्ही त्याच पोलीस ठाण्यात गेलो. लाचलुचपत विभाग कारवाई करतो, पण फिर्याद ज्या हद्दीत घटना घडली तिथल्या ठाण्यात नोंदवली जाते. म्हणजे हवालदाराच्याच ठाण्यात, त्याच्याच टेबलाशेजारी. ठाणे अंमलदार म्हणून बसलेला माणूस त्याच्यासोबत वर्षानुवर्षं ड्यूटी केलेला. भिंतीवर "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" लिहिलेली पाटी. सगळं ठाणं गप्प होतं. अंमलदाराने फिर्याद नोंदवून घेतली, प्रत्येक परिच्छेद वाचून दाखवला, गुन्हा रजिस्टर क्रमांक टाकला. मॅडमनी स्टेशन डायरीचा उतारा मागितला. त्यात हवालदाराची रवानगी "समन्स बजावणीस" अशी होती आणि वेळ होती नेमकी सापळ्याच्या आधीची. अंमलदाराने तो उतारा जसाच्या तसा, सही-शिक्क्यानिशी दिला. वेळ पुसायला, ओळ घुसडायला त्याला सवड मिळाली असती की नाही, ठाऊक नाही. पण त्याने तसा प्रयत्नसुद्धा केला नाही. निघताना तो मला एवढंच म्हणाला, "त्याची मुलगी बारावीला आहे हो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात खरा उतारा होता. त्या संपूर्ण प्रकरणात मला सर्वात मोठा वाटलेला माणूस तो अंमलदार. सापळा लावणाऱ्यांचं ते कामच होतं. याला मात्र रोज त्याच खोलीत, त्याच सहकाऱ्यांत बसायचं होतं.

त्या ठाण्यात नंतर जबाबासाठी वगैरे जाणं झालं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तपासाचे कागद झेरॉक्स करायला शिपाई स्वतःच्या खिशातून पैसे देत होता. समन्स घेऊन तालुक्याच्या टोकाला जायचं तर पेट्रोल स्वतःच्या मोटरसायकलीत. ड्यूटी बारा तासांच्या पुढे कधी जाते ते कुणी मोजत नाही. यातून लाच क्षम्य होत नाही. त्याच ठाण्यात हेच सगळं सोसून एक रुपया न घेणारे लोक होते. पण पहिला रुपया बहुधा "झेरॉक्सला द्या" म्हणूनच घेतला जात असावा. सरकार पोलिसाला झेरॉक्सचे आणि पेट्रोलचे पैसे वेळेवर देत नाही, तेव्हा ते त्याला तिऱ्हाइताकडे हात पसरायला शिकवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे करोना आला. हवालदार निलंबित झाला, आवाजाचे नमुने प्रयोगशाळेत गेले, त्याला नोकरीतून काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची खटला चालवायला लागणारी कलम १९ खालची मंजुरी आली, दोषारोपपत्र गेलं. माझी साक्ष लागली थेट २०२३ मध्ये.

न्यायालयाच्या व्हरांड्यात तो मुलगा भेटला. त्याने नजर चुकवली. आत गेल्यावर कळलं की तो फितूर झाला होता. पैसे उसनेच होते, मला नीट आठवत नाही, तक्रार पोलिसांनी लिहिली, मी सही केली, असं त्याने सांगितलं होतं. मला त्याचा राग आला नाही. बांधावरचं भांडण मिटलं होतं, भावाच्या केसमध्ये तडजोड झाली होती, आणि त्याला त्याच गावात, त्याच ठाण्याच्या हद्दीत आयुष्य काढायचं होतं. आपण तक्रारदाराला एक दिवस शूर म्हणतो आणि नंतरची चार वर्षं त्याच्या दारात कुणी फिरकत नाही.

आता सगळं आलं ते माझ्या साक्षीवर आणि त्या रेकॉर्डिंगवर. सरकारी वकिलांनी समजावलं, की नुसत्या नोटा सापडणं पुरेसं नसतं. मागणी झाली हे सिद्ध व्हावंच लागतं. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तर मागणी सिद्ध होऊच शकत नाही का, याबद्दल बरीच वर्षं वेगवेगळे निकाल होते. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं, की अशा वेळी दुसऱ्या साक्षीदाराच्या साक्षीने किंवा परिस्थितीजन्य पुराव्यानेही मागणी सिद्ध करता येते. माझ्या साक्षीच्या काही महिने आधीचा हा निकाल.

उलटतपास लांबला. पंचनामा आधीच टंकून तयार होता ना? तुम्ही सरकारी नोकर, नाही म्हणाला असता तर खात्याने कारवाई केली असती ना? मी एकेकाला उत्तर देत गेलो. मग बचावाचे वकील त्या पहिल्या पडताळणीवर आले. त्यांना तिथेच मोठी फट दिसली होती.

"पहिल्या दिवशी तुम्ही रक्कम ऐकली नाहीत?"

"नाही ऐकली."

"म्हणजे मागणी ऐकली नाहीत?"

"अटकेचं बोलणं ऐकलं. रक्कम ऐकली नाही. बोटं पाहिली."

"मग खोटी केस उभी करायची म्हणून दुसऱ्यांदा पाठवलं?"

"ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा पाठवलं. ऐकू आलं नाही हे तिथं लिहिलेलं आहे."

न्यायाधीशांनी तो पंचनामा स्वतःकडे मागून घेतला आणि ती ओळ वाचली. मी कटघऱ्यात उभा राहून विचार करत होतो, की त्या दिवशी "दहा हजार" लिहिलं असतं तर आज मी काय म्हटलं असतं? चार वर्षांपूर्वीचं एक खोटं मला आता शपथेवर पुन्हा बोलावं लागलं असतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी खडखड निघाली असती, म्हणजे दुसऱ्या पडताळणीतले खरे पंधरा आणि बारा हजारही त्याच्यासोबत बुडाले असते.

२०२४ मध्ये निकाल लागला. हवालदार दोषी ठरला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ७ ला, म्हणजे लाच घेण्याच्या गुन्ह्याला, किमान तीन वर्षांची शिक्षा आहे, तेवढी झाली. निकालपत्रात पंच क्रमांक एकच्या साक्षीबद्दल लिहिलं होतं, की ज्या पंचनाम्यात पंचाला न ऐकू आलेली गोष्ट न ऐकू आली म्हणूनच नोंदवली आहे, तो रचलेला आहे असं मानायला जागा नाही. अपील उच्च न्यायालयात आहे. तिथे काय होईल ते होईल.

मध्यंतरी आमच्याच कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याला तसंच पत्र आलं. तो माझ्याकडे आला. मी त्याला सांगितलं, चष्मा विसरू नको. प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही करू नको, वेळ लागला तर लागू दे. जिथे दुरुस्ती सांगशील तिथे दुरुस्ती करून बाजूला सही कर. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, त्यामुळे कागद आणि चित्र यांत फरक पडला तर तो दिसणार आहे. आणि काही ऐकू आलं नाही, तर नाही आलं म्हण.

तो जाऊन आला. सापळा लागलाच नाही. पडताळणीत समोरच्या पोलीस शिपायाने पैशाचं नाव काढलं नाही. उलट तक्रारदार आडून आडून पैशाचा विषय काढत होता, तेव्हा शिपाई म्हणाला, कागद पूर्ण करून आणा, तुमचं काम होईल. "लाचेची मागणी निष्पन्न झाली नाही" असा पंचनामा झाला, त्यावर माझ्या सहकाऱ्याने सही केली आणि प्रकरण तिथंच बंद झालं. आपल्या दारापर्यंत काय येऊन गेलं, हे त्या शिपायाला अजूनही माहीत नसेल.